टीव्ही शोमध्ये कुत्र्याची पिल्लं आणणं तुम्हाला पटतं का?

चष्मिष्ट

काल रात्री टीव्हीवर एक गप्पांचा कार्यक्रम चालू होता, नाव सांगत नाही कारण तो एकटाच असं करतो असं काही नाहीये. पाहुणा म्हणून एक हिरो आलेला आणि मध्येच निवेदिका म्हणाली की तुमच्यासाठी सरप्राइज आहे, आणि टोपलीतून पाच पिल्लं आणली. लॅब्रेडॉरची असावीत, फार तर दीड महिन्याची. प्रेक्षकांतून जोरात "ओऽऽऽ". हिरोने एकाला मांडीवर घेतलं, बाकीची सोफ्यावर सोडली, तेवढ्यात बँडवाल्याने ड्रम वाजवला आणि एक पिल्लू असं काही दचकलं की दोन उशांच्या फटीत तोंड खुपसून बसलं. त्याला मागून धरून बाहेर काढलं, परत कॅमेऱ्याकडे तोंड केलं. ते सारखं जांभया देत होतं. निवेदिका म्हणे "बघा, तुमच्या गप्पांना कंटाळला!" आणि हशा.

खरं सांगते, मीपण हसले. मग शेजारी बसलेली माझी मुलगी म्हणाली, आई ते घाबरलंय का गं? आणि मला एकदम आमची म्हातारी आठवली. अकरा वर्षांची कुत्री आहे घरात, डॉक्टरच्या दारात नेली की ती अगदी अश्शाच जांभया देते, एकामागून एक. झोपेने नाही, टरकलेली असते म्हणून.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. कुणी त्याला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, उलट सगळे लाडच करत होते. मग मला चुकल्यासारखं का वाटतंय? मालिका, रिअ‍ॅलिटी शो, जाहिराती, सगळं यात आलं. तुम्हाला काय वाटतं?

उंटावरचा शहाणा

ताई, जरा अतिच विचार होतोय असं वाटत नाही का? दहा मिनिटांचा खेळ. पिल्लू घरी गेलं असेल, दूध पिऊन झोपलं असेल, त्याला आठवतही नसेल. आपणच बसलोय इथे रात्री बारा वाजता टाइप करत.

काडीपेटी

आधी लहान मुलांचे डान्स शो बंद करा, मग कुत्र्यांकडे वळू. (हलकं घ्या)

वाचनमात्र

काडीपेटी आले, म्हणजे धागा शंभरी गाठणार. सतरंजी टाकून बसतोय.

टोचणी

व्यवसायाने पशुवैद्य आहे त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

चष्मिष्ट, तुमच्या मुलीने बरोबर ओळखलं. विनाकारण जांभई, ओठांवरून सारखी जीभ फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, मान दुसरीकडे वळवणं, एक पाय उचलून थिजणं, ही सगळी कुत्रं अस्वस्थ असल्याची चिन्हं असू शकतात. आणि गंमत बघा, टीव्हीवर नेमकं हेच "क्यूट" म्हणून स्लो मोशनमध्ये दाखवतात. पांढरे डोळे करून बघणारं पिल्लू म्हणजे आपल्याला लाजरं वाटतं. ते लाजत वगैरे नसतं हो.

दुसरं झोपेचं. एवढी लहान पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात. शूटिंगचं वेळापत्रक त्यांच्या झोपेप्रमाणे लावलेलं मी तरी अजून बघितलेलं नाही. शिवाय माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. म्हणजे आपल्या कानाला शांत वाटणारा स्टुडिओ त्याच्या कानाला शांत असेलच असं नाही, त्यात ड्रम.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर. पिल्लाला पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान देतात आणि पुढे दर ३-४ आठवड्यांनी साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस चालू राहतात. इतके डोस का, तर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसीलाच निष्प्रभ करू शकते, आणि ती नेमकी कधी उतरते ते प्रत्येक पिल्लात वेगळं. त्यामुळे मध्ये एक काळ असा येतो की आईचं कवच गेलेलं आणि लसीचं अजून आलेलं नाही. त्या काळात पार्व्होचा विषाणू मिळाला की संपलं, रक्ताची हगवण, उलट्या, दोनतीन दिवसांत पिल्लू जाऊ शकतं. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, नेहमीच्या फिनेलने मरत नाही, ब्लीच लागतं, आणि बुटाच्या तळव्याला चिकटूनही येतो. आता सांगा, टीव्हीच्या सेटवर दिवसाला किती बूट फिरतात?

श्वानवेडी

टोचणी, सगळं मान्य, पण दुसरी बाजूपण मांडा ना. पिल्लं ३ ते १२-१४ आठवड्यांची असतात तोच काळ जगाशी ओळख करून देण्याचा असतो, माणसं, आवाज, गाडी, छत्री सगळं. हे तुम्ही लोकच सांगता. कोंडून वाढवलेलं पिल्लू पुढे प्रत्येक गोष्टीला भुंकतं नाहीतर चावतं. मग चार अनोळखी लोकांनी मांडीवर घेतलं तर बिघडलं कुठे?

टोचणी

श्वानवेडी, रास्त प्रश्न. फरक एवढाच की ओळख करून देताना पिल्लाला मागे सरकायची मुभा असते. ते छत्री लांबून बघतं, पळतं, परत येतं, हुंगतं, आपण थांबतो. इथे उशीत लपलेल्याला मागून ओढून काढलं. त्यातून ते काय शिकलं? की लपून उपयोग नाही. ज्या काळात चांगलं पक्कं ठसतं त्याच काळात भीतीही तितकीच पक्की ठसते, हेही आम्ही लोकच सांगतो :)

उंटावरचा शहाणा

हम्म. ड्रमचं पटलं. ड्रम नको होता.

जुनंखोड

बाय द वे, पिल्लू आणि टीव्ही म्हटलं की मला बीबीसीचा किस्सा आठवतो. 'ब्लू पीटर' नावाचा मुलांचा कार्यक्रम आहे त्यांचा, १९५८ पासूनचा. १९६२ च्या डिसेंबरात त्यांनी ठरवलं की ज्या मुलांना घरी कुत्रं पाळता येत नाही त्यांच्यासाठी कार्यक्रमातच एक कुत्रं वाढवू या. पिल्लू आणलं, एका भागात दाखवलं, मुलं खूश. आणि दोन दिवसांत ते पिल्लू डिस्टेंपर नावाच्या साथीच्या आजाराने मेलं! आता पुढच्या भागात काय दाखवणार? तर निर्मात्यांनी लंडनची दुकानं पालथी घातली, तसंच दिसणारं दुसरं शोधलं आणि गुपचूप त्याच्या जागी आणून बसवलं. प्रेक्षकांनी मतं देऊन नाव ठेवलं पेट्रा. ती पुढे १९७७ पर्यंत जगली, देशभर लाडकी झाली, तिचा पुतळासुद्धा उभारला. मुलांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता की पहिल्या दिवशी दिसलेलं पिल्लू हे नव्हेच.

मुलांना खोटं सांगितलं हा भाग मी एक वेळ समजून घेईन, नाताळच्या तोंडावर कोण सांगेल. पण मेलेल्या पिल्लाला नावसुद्धा मिळालं नाही. ते वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं होतं.

चष्मिष्ट

बापरे. हे माहीतच नव्हतं.

काडीपेटी

६० वर्षांपूर्वीचं उकरून काय उपयोग. आता कितीतरी सिनेमांच्या शेवटी पाटी असते की "कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही." विषय संपला.

जुनंखोड

काडीपेटी, त्या पाटीचा जन्म कसा झाला तेपण ऐका मग. १९३९ साली आलेल्या एका हॉलिवुडपटासाठी घोड्याला कड्यावरून खाली पाण्यात पाडलं, घोडा मेला, बोंबाबोंब झाली आणि १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन या संस्थेची माणसं सेटवर लक्ष ठेवायला लागली. ती पाटी शेवटी झळकायला १९७२ उजाडलं आणि पहिला मान मिळाला तो कुत्र्यांच्याच सिनेमाला, डॉबरमॅनच्या टोळीकडून बँक लुटतात त्यात.

बरं, माणूस देखरेखीला असला की सगळं आलबेल असंही नाही. एचबीओची 'लक' मालिका घ्या, शर्यतीच्या घोड्यांवरची. देखरेख होती तरी तीन घोडे गेले आणि २०१२ मध्ये मालिकाच बंद करावी लागली.

टोचणी

जुनंखोड, याला जोडून. ती देखरेख मुख्यतः कॅमेरा चालू असतानाची असते. सेटवर यायच्या आधी जनावर कुठे होतं, कसं आणलं, पॅकअपनंतर कुठे गेलं, हे बहुतेक वेळा त्या पाटीच्या कक्षेबाहेर राहतं. याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे डिस्नेचा 'स्नो बडीज', २००८ मध्ये आला. गोल्डन रिट्रीव्हरची पिल्लं अमेरिकेतून कॅनडात शूटिंगला नेली, ती आठ आठवड्यांचीसुद्धा नव्हती. आजार पसरला, पार्व्हो होता, पाच पिल्लं गेली. पाटी लिहिणाऱ्या संस्थेलाही नंतर खुलासा देत बसावं लागलं. पिल्लांना कुणी काठी मारली नव्हती. फक्त लवकर आणली होती आणि एकत्र ठेवली होती.

वाचनमात्र

पण आठ आठवडे होईपर्यंत थांबायला काय जातं यांचं? दोन आठवड्यांनी शूटिंग ठेवायचं.

क्लॅपबोर्ड

वाचनमात्र, दोन आठवड्यांत पिल्लू "मोठं" दिसायला लागतं, हे जातं. मी सहसा लिहीत नाही इथे, पण आज लिहितो.

मी एका मालिकेवर सहायक दिग्दर्शक होतो, बरीच वर्षं झाली. कथेत नायिकेच्या लहान मुलाला पावसात पिल्लू सापडतं असं होतं. प्रॉडक्शनने तीन पिल्लं आणली, पांढरी, एक कान तपकिरी. तीन कशाला, तर एक झोपलं की दुसरं उभं करायला. त्यातल्या एकाचा कान पांढराच होता तर मेकअपदादाने आयब्रो पेन्सिलने रंगवला, आम्ही सगळे खो खो हसलो, आत्ता लिहिताना हसू येत नाहीये.

पावसाचा सीन. रेन मशीन लावलं, पाणी टाकीतलं, रात्रीची शिफ्ट, गारठा. पिल्लू कुडकुडत होतं आणि मॉनिटरवर ते इतकं भारी दिसत होतं की दिग्दर्शक म्हणाला "एक्स्प्रेशन बघ रे त्याचं, कुठल्या आर्टिस्टला जमणार नाही." सात टेक झाले. प्रत्येक टेकला नवं पिल्लू द्यायचं असं ठरलेलं, पण कान नीट असलेली दोनच, तिसऱ्याचा रंग पाण्याने उतरला. म्हणजे दोघांनी मिळून सात. मध्ये मी टॉवेलने पुसायचो आणि हॅलोजनसमोर धरायचो. ते माझ्या शर्टाच्या आत शिरायला बघायचं, बटणांच्या मधून नाक घालून. मग आवाज यायचा "रोलिंग", आणि मी त्याला परत त्या खोक्यात ठेवायचो. माझ्याच हाताने.

तीन आठवड्यांनी कंटिन्युइटीवाली पोरगी फोटो घेऊन आली, सर हे आता ते पिल्लू वाटत नाही, कान उभे राहिलेत, पाय लांब झालेत. कथेत अजून दोनच दिवस उलटले होते. मग काय, नवी तीन आली. जुन्यांपैकी एक लाइटवाला घेऊन गेला, त्याने छान सांभाळलं, मी बघितलंय. बाकी दोघांचं काय झालं मी विचारलं नाही. नोकरी नवी होती, वय चोवीस, आणि विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं अशी भीतीपण होती.

उंटावरचा शहाणा, दहा मिनिटांचा खेळ म्हणालात म्हणून हे लिहिलं. राग नाही.

उंटावरचा शहाणा

क्लॅपबोर्ड, काय बोलू. माझा तो प्रतिसाद एडिट करणार होतो, पण राहू दे, लोकांना दिसू दे मी काय म्हणालो होतो.

श्वानवेडी

क्लॅपबोर्ड ___/\___

तरीपण मी एक चांगलं उदाहरण देणार. अमेरिकेत 'पपी बोल' म्हणून कार्यक्रम असतो, २००५ पासून, त्यांच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशीच. छोट्या मैदानावर पिल्लं सोडतात, ती खेळतात, माणूस पंच असतो. सगळी पिल्लं आश्रयगृहांतली किंवा रेस्क्यूवाल्यांकडची, आणि हेतूच हा की लोकांनी ती दत्तक घ्यावीत. यात काही वाईट दिसत नाही मला. त्या कुबड्या, तीन पायांच्या, बहिऱ्या पिल्लांना एरवी कोण बघायला जातं?

टोचणी

हो, दोन्हीत फरक आहे हे कबूल. तिथे पिल्लाकडून काही करवून घ्यायचं नसतं, त्याला हवं तर त्याने मैदानात झोपावं, तेही चालतं, लोक त्यावरही टाळ्या वाजवतात. माझी शंका वेगळी आहे, लोक भारावून घेतात त्याची. टीव्हीवर पिल्लू चार मिनिटं दिसतं, घरी ते बारातेरा वर्षं राहतं.

जुनंखोड

भारावून घेण्यावरून, २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता, अमेरिकेतली कुत्र्यांची नोंदणी तपासली होती. ज्या सिनेमात कुत्रं झळकतं त्या जातीची मागणी पुढे दहा-दहा वर्षं चढी राहिलेली सापडली. आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेचं तर ताजंच आहे. लोकांनी तिच्यातल्या लांडग्यांसारखे दिसतात म्हणून हस्की घेतले, आणि झेपेनात म्हणून सोडून दिले. इतके की २०१७ मध्ये त्यातल्या नटाला, पीटर डिंक्लेजला, जाहीर आवाहन करावं लागलं की बाबांनो नका घेऊ, घ्यायचाच तर आश्रयगृहातला दत्तक घ्या. गंमत म्हणजे त्या मालिकेतली सुरुवातीची पिल्लं हस्की नव्हतीच, नॉर्दर्न इन्युट नावाची वेगळी जात आहे. म्हणजे ज्या कुत्र्याने काम केलं त्याचं बरं चाललं आणि ज्याचा काही संबंध नाही ते रस्त्यावर आलं.

काडीपेटी

मग आता कुत्री दाखवायचीच नाहीत का पडद्यावर? सिनेमातली लॅसी नको, काही नको?

श्वानवेडी

लॅसीचं वेगळं आहे हो. ते मोठे, शिकवलेले कुत्रे, (कुत्रीचं काम बोकेच, सॉरी, नरच करायचे, उन्हाळ्यात मादीचे केस जास्त गळतात म्हणून), एकच घराणं, 'पाल' नावाच्या पहिल्या कुत्र्याचे वंशज, एकाच ट्रेनरच्या घरात वाढलेले. माझा बॉर्डर कॉली आहे, त्याला काम दिलं नाही तर तो सोफा फाडतो. असा कुत्रा "बस, आण, भुंक" आनंदाने करेल, शेपटीच सांगते. मोठ्या कुत्र्याला नको असेल तर तो तसं दाखवतो आणि चांगला ट्रेनर थांबतो.

टोचणी

+१. माझी रेघ तिथेच आहे. शिकवलेला प्रौढ कुत्रा, ओळखीचा ट्रेनर, ठरावीक तास, तर माझी हरकत नाही. पिल्लू काम करतच नाही, त्याला फक्त तिथे ठेवलं जातं. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू तर आईपासून तोडलेलं असतं, ज्या वयात ते भावंडांना चावत चावत किती जोरात चावायचं नाही हे शिकतं. तो धडा चुकला की पुढच्या घरात तेच "चावरं" ठरतं.

वाचनमात्र

आणि ते कुत्र्याला सुधारतात ते शो? मालक रडतोय, कुत्रा गुरगुरतोय, ट्रेनर येतो आणि जाहिरातींच्या ब्रेकनंतर कुत्रा गरीब गाय.

टोचणी

त्यावर स्वतंत्र धागा काढा, माझं बीपी वाढेल. थोडक्यात सांगतो, भाग रंगायला कुत्रा आधी चवताळलेला दिसावा लागतो, म्हणून ज्याची त्याला भीती वाटते तेच मुद्दाम समोर आणतात. नंतर तो शांत दिसतो तो बऱ्याचदा शांत नसतो, गोठलेला असतो. सीझर मिलान या टीव्हीवरच्या ट्रेनरच्या कार्यक्रमात २०१६ मध्ये डुकराच्या अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला डुकरांमध्येच सोडलं, त्याने डुकराचा कान चावून रक्त काढलं, चौकशी झाली. खटला झाला नाही, हेही सांगायला हवं. पण लोक घरी ते बघून आपल्या कुत्र्याला मानेला धरून आडवं पाडतात आणि मग टाके घालून घ्यायला येतात. स्वतःला.

काडीपेटी

शेवटची काडी. कॉम्प्युटरवर बनवा ना पिल्लू. २०२० मध्ये 'कॉल ऑफ द वाइल्ड' आला त्यात अख्खा कुत्रा खोटा होता, त्याच्या जागी एक माणूस रांगत होता शूटिंगला. प्रश्न मिटला.

क्लॅपबोर्ड

मोठ्या सिनेमाला परवडतं. रोज एक भाग काढणाऱ्या मालिकेला खरं पिल्लूच स्वस्त पडतं, दुखणं तेच आहे. पण एक सांगू, बरेचदा पिल्लू लागतच नाही. टोपली दाखवा, आतून आवाज द्या, मुलाचा चेहरा दाखवा. आमचा तो पावसाचा सीन खोक्यावर झाकण ठेवून झाला असता. मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बोललो असतो का माहीत नाही.

चष्मिष्ट

सगळ्यांचे धन्स. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. मी त्या कार्यक्रमाला मेल लिहितेय, भांडायला नाही, फक्त विचारायला. मसुदा असा:

"परवाच्या भागात पाच पिल्लं आणली होती. त्यांची वयं काय होती आणि लसी झाल्या होत्या का? ती सेटवर एकूण किती वेळ होती आणि त्यांना झोपायला वेगळी शांत जागा होती का? कार्यक्रमानंतर ती कुणाकडे गेली?"

काही राहिलं का?

उंटावरचा शहाणा

माझं नावपण घाला खाली.

क्लॅपबोर्ड

"कुणाकडे गेली" हे सगळ्यात वर घ्या. मधे घातलंत तर त्याचंच उत्तर गाळतील.

टोचणी

आणि त्यांची आई कुठे आहे, तेही विचारा.

चष्मिष्ट

घातलं. पाठवतेय.